फंक्शन राहतं कुठं? मोठा कोड वाचताना टॅग्जची सोबत

कानात इयरफोन, बाहेर लोकल नाहीतर एसटी, आणि स्क्रीन लॉक करून खिशात. तुमच्यातले बरेच जण असंच ऐकतात हे मला माहीत आहे, म्हणून आज कमांड आल्या की मी त्या अक्षरं सुटी करून बोलणार आहे. नंतर करून बघायच्या असतील तर लेखी मजकूर इथे आहेच.

आजचा विषय कोड लिहिण्याचा नाही, वाचण्याचा आहे. आपल्याकडे शिकवतात ते सगळं लिहिण्याचं. पॅटर्न छापा, लिंक्ड लिस्ट बनवा, प्रोजेक्ट करा. दोनशे ओळी, एक फाइल, सगळं डोळ्यांसमोर. मग नोकरी लागते आणि पहिल्याच आठवड्यात समोर येतो पंधरा वर्षं जुना, शेकडो फाइलींचा ढीग. ज्यांनी तो लिहिला ते केव्हाच कंपनी सोडून गेलेले. मग कोणीतरी तुम्हाला केटी देतं. कॉलेजातली केटी नव्हे, ही ऑफिसातली, नॉलेज ट्रान्सफरची. (दोन्हीत तुम्ही अडकलेलेच असता, तो भाग वेगळा.) दोन तासांत भराभर फाइली उघडून दाखवतात, तुम्ही मान हलवता, आणि दुसऱ्या दिवशी एका फंक्शनचं नाव दिसतं, पण ते लिहिलंय कुठं ते काही सापडत नाही. शेजारच्या सीनियरला एकदा विचारता, दोनदा विचारता. तिसऱ्यांदा विचारायला जीभ रेटत नाही. मग तुम्ही गप्प बसता, आणि गप्प बसलेल्या नव्या मुलाला कोणी काम देत नाही. मी हे बऱ्याच हुशार मुलामुलींच्या बाबतीत पाहिलंय. त्यांना कोड समजत नव्हता असं नाही. त्यांना कोडमध्ये फिरता येत नव्हतं.

तर फिरायचं कसं? जाडजूड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, हा शब्द अमुक पानावर, तशी सूची कोडची बनवता येते. ती बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव सीटॅग्ज. 1970 च्या दशकाच्या शेवटी बर्कली विद्यापीठात बीएसडी युनिक्स आकार घेत होतं, तेव्हा केन अर्नोल्ड यांनी तो लिहिला. तोच विचार पुढे डॅरेन हीबर्ट यांच्या एक्झुबरंट सीटॅग्जमध्ये वाढला. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, 5.8, आली 2009 मध्ये. मग तो थांबला, आणि लोकांनी तिथून पुढे युनिव्हर्सल सीटॅग्ज सुरू केला. आज वापरायचा तो हाच. एडिटर म्हणून मी विम धरून चालतो. भांडी घासायचा नव्हे, ब्राम मोलेनार यांचा, 1991 पासूनचा. इमॅक्सवाल्यांनी रागावू नका, तुमच्याकडे ईटॅग्ज आहे आणि कल्पना तीच आहे.

नुसत्या कल्पनेवर बोलण्यात मजा नाही, म्हणून एक खरा कोड घेऊ: गिट. रोज वापरता ते गिट स्वतः सी भाषेत लिहिलेलं आहे, शेकडो फाइली आहेत, आणि सगळं उघड आहे. लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाका, त्यात पीकेजी इन्स्टॉल, मग विम, गिट, सीटॅग्ज. गिटचा कोड क्लोन करताना डॅश डॅश डेप्थ 1 लावा, म्हणजे सगळा इतिहास उतरणार नाही आणि डेटा पॅक वाचेल. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन एकच कमांड: सीटॅग्ज, स्पेस, डॅश, कॅपिटल आर, स्पेस, टिंब. आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत उतर, टिंब म्हणजे इथूनच. थोडा वेळ लागतो आणि टॅग्ज नावाची एक साधी मजकुराची फाइल तयार होते. मॅकवाल्यांना इथे एक ठेच लागते: मॅकमध्ये आधीपासून असलेला सीटॅग्ज जुन्या वळणाचा आहे, त्याला कॅपिटल आर कळतच नाही. होमब्रूमधून युनिव्हर्सल सीटॅग्ज घ्या.

ही टॅग्ज फाइल एकदा उघडून बघाच. काही लपवलेलं नाही तिच्यात. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग फाइल, मग पत्ता. आणि हा पत्ता कसा असतो ते मला फार आवडतं. तुम्हाला वाटेल ओळ क्रमांक असेल, 412 वगैरे. नाही. तिथे ती अख्खी ओळच शोधायच्या खुणेसारखी लिहिलेली असते. गावात पत्ता सांगतात तसा. घर नंबर कोणी सांगत नाही, ‘मारुतीच्या देवळामागं, चिंचेला लागून’ असं सांगतात. मध्ये चार नवी घरं झाली तरी चिंच हलत नाही. कोडमध्येही वर कोणी वीस ओळी घातल्या तर ओळ क्रमांक चुकतो, पण फंक्शनची पहिली ओळ आहे तशीच असते, त्यामुळे सूची थोडी शिळी झाली तरी चालून जाते. आणि चिंचच तोडली असेल, म्हणजे ती ओळच बदलली असेल, तर विम साधारण जवळपास नेऊन सोडतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो की टॅग सापडला नाही, नुसता अंदाज करतोय. खरंच असा संदेश आहे त्यात. इतका खरेपणा माणसांतही कमी दिसतो.

दुसरी गोष्ट, फाइल अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते. शब्दकोशात आपण मधलं पान उघडतो, पुढे की मागे ठरवतो, परत मधलं उघडतो, तसंच विम करतो. एक लाख नावं असली तरी सतरा वेळा निम्मे केले की नाव सापडतं. म्हणून जुन्या, रडत चालणाऱ्या मशीनवरही उडी पटकन लागते.

आता उडी मारू. प्रश्न साधा घेऊ: ‘गिट लॉग’ टाइप केल्यावर आत काय होतं?

सी प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो हे आपल्याला पाठ आहे. गिटमध्ये मेन आहे कॉमन-मेन डॉट सी नावाच्या फाइलमध्ये, आणि तो थोडी तयारी करून सीएमडी अंडरस्कोर मेनला बोलावतो. कर्सर त्या नावावर न्या आणि दाबा कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. (टर्मक्समध्ये कंट्रोलसाठी आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं.) ही झाली उडी. परत यायचं असेल तर कंट्रोल टी.

पण सीएमडी मेन एकच नाही! गिटच्या कोडमधून एकाहून जास्त प्रोग्रॅम तयार होतात, आणि डीमनचा वेगळा, शेलचा वेगळा, असे अनेक सीएमडी मेन तिथे आहेत. नुसती उडी मारलीत तर त्यांतल्या कुठल्याही एकाच्या दारात जाल आणि उगाच गोंधळाल. अशा वेळी जी आणि मग उजवा चौकोनी कंस दाबा. विम सगळ्यांची यादी देतो, फाइलीच्या नावासकट. आपल्याला हवा गिट डॉट सी मधला, त्याचा आकडा टाका. माझा सल्ला, अनोळखी कोडमध्ये पहिले काही दिवस हीच सवय ठेवा.

तिथून पुढे वाट सरळ आहे: रन एआरजीव्ही, मग हँडल बिल्टइन, मग रन बिल्टइन. तीन उड्या. आणि रन बिल्टइनमध्ये ती जागा येते जिथे टॅग्जचा रस्ता संपतो. तिथे पी, बाण, एफएन असं लिहिलंय. एफएन हे फंक्शनचं नाव नाही, तो फंक्शन पॉइंटर आहे. प्रोग्रॅम चालताना त्यात कोण बसलंय त्यावर पुढचं ठरतं. टॅग्ज तुम्हाला फार तर त्या स्ट्रक्टपर्यंत नेतील, जिथे एफएन नावाचं खातं आहे. खात्यात कोण आहे हे सूची सांगू शकत नाही, कारण तिला फक्त नावं माहीत आहेत, अर्थ नाही.

मग स्वतःचं डोकं लावायचं. हा पी आला कुठून? कंट्रोल टी ने एक पाऊल मागे, हँडल बिल्टइनमध्ये. तिथे गेट बिल्टइन दिसेल, त्यावर उडी. तो एक तक्ता चाळतो, कमांड्स नावाचा. तक्त्यावर उडी मारलीत की समोर अख्खं गिट मांडलेलं दिसतं: ‘ॲड’ शब्दासमोर सीएमडी ॲड, ‘लॉग’ शब्दासमोर सीएमडी लॉग. सापडला की नाही? सीएमडी लॉगवर उडी मारा, तुम्ही बिल्टइन फोल्डरमधल्या लॉग डॉट सी मध्ये पोचता. तो थोडी जमवाजमव करून सीएमडी लॉग वॉकला बोलावतो. त्याच्या पोटात एक वाइल लूप आहे, जो गेट रिव्हिजनकडून एकेक कमिट मागतो आणि लॉग ट्री कमिटकडे छापायला देतो. एवढंच आहे गिट लॉग. आणि त्याच फाइलमध्ये खाली वर बघाल तर सीएमडी शो पण तिथेच नांदतोय. गिट शो आणि गिट लॉग एकाच घरात राहतात, हे मला कुठल्या ट्युटोरियलने सांगितलं नव्हतं.

या सगळ्या उड्यांचा हिशोब विम ठेवतो, नाण्यांच्या चळतीसारखा. शेवटची उडी वर. कोलन टॅग्ज लिहिलं की चळत दिसते: कुठून कुठे आलात. वीस उड्यांपर्यंत लक्षात ठेवतो. कोड वाचताना माणूस हरवतो तो पुढे जाताना नाही, परत येताना, म्हणून मला उडीपेक्षा ही चळत जास्त मोलाची वाटते. फोन आला, चहाला गेलात, परत आल्यावर कोलन टॅग्ज, की आपण काय शोधत होतो ते आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, दादा, व्हीएस कोडमध्ये एफ 12 दाबलं की जातंच की. जातं. तिथे मागे लँग्वेज सर्व्हर असतो. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये त्याचा प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला केला, आणि तो नावाबरोबर अर्थही समजतो. चांगल्या मशीनवर मीही क्लँगडी वापरतो, लपवायचं काय त्यात. पण तो सतत मेमरीत बसून असतो, त्याला प्रोजेक्ट बिल्ड कसा होतो ते सांगावं लागतं, आणि चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असेल तर तो आणि तुम्ही दोघंही घाम पुसत बसता. रात्री दोनला कुठल्या तरी सर्व्हरवर फक्त काळी स्क्रीन मिळते, तिथेही तो नसतो. सीटॅग्ज एकदा चालतो, फाइल टाकतो, निघून जातो. कोड कंपाइल होत नसला तरी त्याला फरक पडत नाही, आणि नवा माणूस पहिल्या दिवशी ज्या अवस्थेत कोड उघडतो ती बहुतेक वेळा हीच असते.

किरकोळ दोन गोष्टी. टॅग्ज फाइल कमिट करू नका, डॉट गिट फोल्डरमधल्या इन्फोच्या एक्स्क्लूड फाइलमध्ये तिचं नाव घालून ठेवा. आणि आतल्या फोल्डरमध्ये असताना विमला वरची सूची सापडत नसेल तर विमआरसीमध्ये लिहा: सेट टॅग्ज, बरोबर, टिंब, तिरकी रेघ, टॅग्ज, अर्धविराम. तो अर्धविराम विसरू नका. ‘सापडेपर्यंत वर वर चढत जा’ हे तोच सांगतो.

आणि एक गंमत. कोलन, टीसिलेक्ट, स्पेस, तिरकी रेघ, टोपीचं चिन्ह, सीएमडी अंडरस्कोर. एंटर मारा. सीएमडीने सुरू होणारी सगळी नावं एका यादीत येतात, म्हणजे गिटच्या जवळजवळ सगळ्या आतल्या कमांडची हजेरीच. त्यातून ब्लेम निवडा. किंवा थेट बाहेरून: विम, डॅश टी, सीएमडी अंडरस्कोर ब्लेम. ओळ कोणी लिहिली हे गिट कसं शोधतं, ते चार उड्यांत कुठपर्यंत दिसतं बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा.

पुढच्या भागात उलटा प्रश्न घेऊ: हे फंक्शन कोणकोण बोलावतं? त्याचं उत्तर टॅग्जकडे नाही. त्यासाठी बेल लॅब्जमधून आलेला एक दुसरा म्हातारा आहे, सीस्कोप. तोवर फोन चार्ज करून ठेवा, टर्मक्स बॅटरी खातं.