हमालांच्या नावाचा पेला



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. हमालांच्या संघटनेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी वसंत व्याख्यानमालेत येऊन बिअरच्या चवीवर बोलावे, हे काय? पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दाराशी नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बायका आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या दाराची वकिली करायला आम्ही आलेलो नाही. पण एका पेल्याने आम्हाला आमच्याच कामाचा इतिहास शिकवला, तो आपल्यापुढे ठेवायचा आहे.

लंडनला थेम्सच्या दक्षिण काठी बर्माँडसी नावाचा भाग आहे. एके काळी तेथे धक्के होते, वखारी होत्या. आता ते काम गेले. रेल्वेच्या कमानींखाली थोडी थोडी बिअर हाताने बनविणाऱ्यांनी बिऱ्हाडे थाटली आहेत. गोदीत उमर घालविलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हाला तेथे नेले आणि कॉफी घातलेल्या स्टाउटचा लहानसा पेला पुढे ठेवला.

रंग काळाकुट्ट, दिव्यासमोर धरला तर कडेला तांबूस. वर बदामी फेस. आम्ही पेला ओठांना लावणार, तोच स्नेही म्हणाले, "थांबा, आधी वास घ्या." वास घेतला, तो भट्टीवरच्या फुटाण्यांचा आणि नुकत्याच दळलेल्या कॉफीचा. पहिला घोट कडू. मागाहून करपलेल्या गुळासारखी किंचित गोडी. शेवटी पुन्हा कोरा कडवटपणा जिभेवर राहतो. फार गार केला तर वास मरतो, म्हणून तो बेताचाच गार देतात.

आम्ही विचारले, "यात कॉफी कोणती आणि सातू कोणता?" ते हसले. भाजल्यावर कॉफीच्या बीत आणि सातूच्या दाण्यात पुष्कळशी सारखीच वासाची द्रव्ये तयार होतात. म्हणून कॉफी न घातलेल्या स्टाउटलाही कॉफीचा वास येतो. सातूला मोड आणून वाळविले की माल्ट होते. हे माल्ट फिरत्या पिंपात, कॉफी भाजावी तसे, काळे भाजण्याचे पेटंट डॅनियल व्हीलर याने 1817 साली घेतले. तेव्हा ही सोयरीक जुनीच! खरी कॉफी मिसळणे मात्र अलीकडचे. पुष्कळ कारागीर ती थंड पाण्यात बराच वेळ भिजवून तिचा अर्क शेवटी घालतात, कारण उकळली तर ती उग्र होते.

आता नावाकडे वळू. स्टाउट म्हणजे मुळात 'स्टाउट पोर्टर', कडक पोर्टर. आणि पोर्टर म्हणजे हमाल! अठराव्या शतकात लंडनचे हमाल ही गडद बिअर पीत, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. हे ऐकून आमची छाती फुगली. पण स्नेह्यांनी पुढची हकीकत सांगितली.

थेम्समध्ये कोळशाची गलबते येत. नऊ जणांची टोळी ती रिकामी करी. काही जण तळात टोपल्या भरीत. काही जण दोर धरून एकदम खाली उडी घेत आणि आपल्या देहाच्या भाराने टोपली वर आणीत. हे काम वाटणारा कोण? पुष्कळदा गुत्तेवालाच. जो त्याच्याकडे अधिक पिईल, त्याला आधी काम. मजुरी गुत्त्यातच मिळायची आणि बिअरचे पैसे आधी वळते व्हायचे. मित्रहो, तो पेला तहानेचा नव्हे, हजेरीचा होता!

1843 साली कायदा होऊन या मजुरांची नोंदणी करणारी कचेरी निघाली आणि काम गुत्त्याऐवजी तेथून मिळू लागले. पुढे 1883 च्या कायद्याने गुत्त्यात मजुरी वाटण्यासच बंदी केली. हे ऐकताना आम्हाला आपला 1969 चा माथाडी कायदा आठवला. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी झगडून मिळविलेल्या त्या कायद्यातही हमालांची नोंदणी मंडळात होते आणि मालकाने मजुरी मंडळाकडे भरावयाची असते. उपाय तोच: काम वाटणाऱ्याचा हात मजुराच्या खिशातून बाहेर काढायचा.

आम्ही अर्धा पेला घेतला आणि उरलेला बाजूला सारला. कोणी रागावले नाही. कोणाचे उद्याचे काम बुडाले नाही. चव घ्यायला जीभ सर्वांनाच आहे. पण त्याआधी मजुरी घरी पोचलेली असावी लागते, आणि 'नको' म्हणण्याची मोकळीक असावी लागते. आपल्या गावात उचल देणारा आणि दारू पाजणारा एकच माणूस जेथे असेल, तेथे मजुराला व्यसनावर प्रवचन देण्याआधी त्या माणसाची वही तपासा.