वेगाआधी मेळ



घरासाठी किंवा लहानशा धंद्यासाठी संगणक घ्यायचा ठरला की बोलणे बहुधा प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झपासून सुरू होते. हाताशी पैसे थोडे असले की लगेच दुसरा प्रश्न येतो: स्वस्त प्रोसेसर घेऊन त्याचा वेग आपणच वाढवला तर? कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ही युक्ती खोटी नाही. एके काळी तिने सामान्य माणसाला खरोखर मोठा लाभ करून दिला. तरीही आज, आणि विशेषतः बडोद्याच्या हवेत, कमी खर्चातल्या संगणकाचे मोल वेग वाढवून फारसे वाढत नाही. ते भागांचा एकमेकांशी मेळ जुळवून वाढते, असे माझे म्हणणे आहे. म्हणून संगणक जोडताना ओव्हरक्लॉकिंगचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आधी या युक्तीची थोरवी मान्य करू. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता, म्हणजे मदरबोर्डवर माहिती वाहणाऱ्या ६६ मेगाहर्ट्झ बसची साडेचार पट. ही बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले, आणि पुष्कळ नग त्या वेगाला स्थिर राहत. दीडपट वेग, तोही कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टूच्या तोडीचा! हे शक्य झाले, कारण त्या चिपची ताकद मुळात जास्त होती आणि बाजारात स्वस्त-महाग असे दोन थर राखण्यासाठी तिचा वेग कमी ठेवलेला होता. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखून ठेवलेली ताकद मोकळी करत होता. २०१४ साली पेंटियम जी३२५८ने तशीच संधी पुन्हा दिली. ३.२ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकांनी ४ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला. पण त्याला कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग, दोनच होते. त्याच वर्षी आलेला फार क्राय ४ हा खेळ दोन कोअरच्या प्रोसेसरवर सुरूच होईना. वेग वाढवता आला, पण नसलेले कोअर कुठून आणणार?

आता परिस्थिती याहून वेगळी आहे. पूर्वी ग्राहकाच्या हाती येणारी ती राखीव ताकद आजचे प्रोसेसर स्वतःच वापरतात. तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत ते क्षणोक्षणी वेग चढवतात-उतरवतात. यालाच टर्बो किंवा बूस्ट म्हणतात. एएमडीच्या अनेक रायझेन प्रोसेसरांवर सर्व कोअर एका ठरावीक वेगाला बांधले, तर एका कोअरला आपोआप मिळणारा कमाल वेग उलट हातचा जातो. इंटेलच्या बाजूला वेग वाढवायचा तर सहसा ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो आणि दोन्ही महाग असतात. त्यावर उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक आला. या तिन्हींवर जास्तीचा गेलेला पैसा एकत्र केला, तर त्यात मुळातच वरच्या दर्जाचा प्रोसेसर येऊ शकतो. नुसत्या वेगाने काम होत नाही, याचा पुरावा २०२२ सालच्या रायझेन ५८००एक्स३डीने दिला. त्याचा कमाल वेग ५८००एक्सच्या ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ होता आणि वेग वाढवण्यासाठी बदलावा लागणारा त्याचा गुणक कंपनीने बंदच ठेवला होता. तरीही खेळांमध्ये तो सरस ठरला, कारण त्याच्यापाशी ९६ मेगाबाइट कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद साठवण, होती. जवळ जास्त माहिती ठेवणाऱ्याला ती आणायला वारंवार रॅमकडे धावावे लागत नाही.

आता बडोद्याच्या उन्हाळ्याकडे येऊ. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकवण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के चढवावे लागले, तर वीज ३३ टक्के जास्त लागते. तेवढीच उष्णताही वाढते. एखादा हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंश वर ठेवतो असे समजा. थंड खोलीत, २५ अंशांत, प्रोसेसर ७० अंशांवर राहील आणि वेग वाढवल्यावर ८५ अंशांवर. दोन्ही ठीक आहेत. पण मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या, ३८ अंशांच्या खोलीत आधीच ८३ अंश होतात आणि वेग वाढवल्यावर ९८. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग कमी करू लागतात. म्हणजे हिवाळ्यात मिळवलेला वेग उन्हाळ्यात परत द्यायचा, आणि वरून वीजबिल भरायचे. ६५ वॅटचा प्रोसेसर असा चालवला तर सुमारे २१ वॅट जास्त लागतात. रोज सहा तास पूर्ण भार आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर जवळपास ३८ युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तरी पाच वर्षांत दीड हजार रुपये. परदेशातील थंड खोलीत घेतलेले आकडे म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मग पैसा कुठे घालावा? जिथे काम अडते तिथे. १९६७ साली संगणक-अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला नियम इथे दिवा दाखवतो: कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, त्याच्या वाट्यापुरताच एकूण लाभ होतो. शंभर सेकंदांच्या कामात प्रोसेसरचा वाटा तीस सेकंदांचा असेल, तर वेग दहा टक्क्यांनी वाढवून तीन सेकंदही वाचत नाहीत. याउलट हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे आठ मिलिसेकंद. विखुरलेली माहिती शोधताना दर वेळी तिला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला मिलिसेकंदाचा एखादा दशांश पुरतो. इथला फरक शंभर पटींचा आहे. त्यानंतर रॅम: एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या बसवल्या की माहितीचा मार्ग दुप्पट रुंद होतो, आणि रायझेन ५६००जीसारख्या, ग्राफिक्स पोटातच असलेल्या प्रोसेसरला त्याचा थेट फायदा मिळतो. ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू न केल्याने अनेकदा त्याहून कमी वेगाने चालत राहते. ही सेटिंग बदलायला एक रुपयाही लागत नाही. मग चांगला एसएमपीएस, नीट अर्थिंग आणि हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट. शेवटी सॉकेटची, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या खाचेची, निवड. एएमडीच्या एएम४ मदरबोर्डांपैकी २०१७ सालच्या अनेक बोर्डांवर, २०२२ साली आलेल्या बायोस अपडेटनंतर, रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसू लागले. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून चाराचे आठ कोअर करता येणे, हा लाभ कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा आहे.

यावर काही रास्त आक्षेप येतात. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला लहान कारखानदार म्हणेल, माझे ड्रॉइंगचे काम मुख्यतः एकाच कोअरवर चालते, मला वेगच हवा. त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याने एका कोअरला जास्त बूस्ट देणारा प्रोसेसर निवडावा. तो वेग वॉरंटीसह मिळतो. ज्या यंत्रावर ग्राहकाचे काम आणि हिशेब अवलंबून आहेत, त्यात अधूनमधून होणारी एक चूकसुद्धा वाचवलेल्या सर्व मिनिटांपेक्षा महाग पडते. दुसरा आक्षेप असा, की मदरबोर्डला सोय आहे आणि हीटसिंक बसवलेलाच आहे, मग वेग का वाढवू नये? जरूर वाढवावा, पण पडताळून. आणि एक पर्याय आधी पाहावा: व्होल्टेज पाच टक्के उतरवून प्रोसेसर त्याच वेगाला स्थिर राहतो का? राहिला, तर वीज सुमारे दहा टक्के कमी लागेल, पंखा शांत होईल, आणि थंड राहिलेला प्रोसेसर बूस्टही जास्त वेळ टिकवेल. आपल्या हवेत वेगाची वाट बहुधा थंडाव्यातून जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: या प्रयोगांतूनच तर मुले यंत्र शिकतात. हे मला पूर्ण मान्य आहे. याच बडोद्यात १८९० साली इथले संस्थानिक सयाजीराव महाराज यांच्या आश्रयाने कलाभवन ही संस्था उभी राहिली. त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे रंगाई-छपाईसारखे धंदे शास्त्र म्हणून आणि मातृभाषेतून शिकवले गेले. दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. हाताच्या कामामागचे कारण कामगाराला त्याच्या भाषेत कळावे, हा त्यामागचा विचार होता. संगणक जोडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही तेच लागू आहे. वेग वाढवण्याआधी त्याने वहीत तापमान, वीज आणि कामाला लागलेला वेळ लिहावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पुन्हा मोजावे, आणि तीच मोजणी मे महिन्यात परत करावी. ती वही भरली की आपल्या यंत्राचे काम नेमके कुठे अडते हे त्याला दिसेल, आणि पुढचा रुपया कुठे घालायचा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.