मालकावांचून धंदा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

"आपण काय करतां?" असें मला कोणी विचारलें, तर उत्तर देण्यापूर्वीं किंचित् थांबावें लागतें. शिक्षक, वकील, रेल्वेंतील नोकर यांना तें एका शब्दांत सांगतां येतें. मी वेबसाइट तयार करतों असें म्हटलें कीं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कोणत्या कंपनींत?" कोणत्याच नाहीं, कुडव्यास घरींच, असें सांगितलें म्हणजे विचारणाराच्या मुद्रेवर सहानुभूतीची जी छटा उमटते, ती आतां माझ्या चांगली परिचयाची झाली आहे. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत वधूपक्षाकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर, "म्हणजे सध्यां घरींच असतात, होय ना?" असें म्हणून तो विषय संपविला होता.

बारा वर्षें हा धंदा केल्यावर मला वाटतें कीं, त्या गृहस्थांचें अगदींच चुकलें नव्हतें. घरीं असणें आणि घरीं राहून धंदा करणें यांत जें अंतर आहे, तें पहिलीं कित्येक वर्षें माझें मलाच समजलें नव्हतें. तें कसें समजलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कुडवा हें गोंदिया शहराला लागून असलेलें गांव. गोंदिया नागपूरच्या पूर्वेस सुमारें १३० किलोमीटरांवर, मुंबई-हावडा लोहमार्गावरचें जंक्शन. धान आणि भातगिरण्या हीच त्याची ओळख. १९९९ च्या मे महिन्यांत भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, तें सामान्य माणसासाठीं आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें, आणि तेंहि प्रथम मोजक्या मोठ्या शहरांत. कुडव्याच्या एका खोलींत बसून त्यावर पोट भरतां येईल, असें तेव्हां कोणी म्हटलें असतें तर लोक हंसले असते.

हा धंदा म्हणजे काय, तें दुकानाच्या दृष्टांतानें लवकर कळेल. दुकानाला तीन गोष्टी लागतात: नांवाची पाटी, जागा आणि आंतील मांडणी. वेबसाइटचेंहि तसेंच. तिचें नांव, म्हणजे डोमेन, ही पाटी. ती वर्षाच्या बोलीनें नोंदवावी लागते आणि मुदत संपली कीं नूतन करावी लागते. ज्या संगणकावर ती ठेवतात, तें होस्टिंग, ही भाड्याची जागा. आणि मांडणी करणारा सुतार तो मी.

घरीं बसून, नगावर मजुरी घेऊन काम करणें आमच्या भागाला नवें नाहीं. येथील घरोघरच्या स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या बिड्या वळल्या आहेत. सट्टेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू देई, हजार बिड्यांवर मजुरी ठरे, आणि माल तपासतांना जो नापसंत होई तो 'छाट' म्हणून बाजूला पडे. छाट किती काढावी, तिची मजुरी द्यावी कीं नाहीं, यावरून इतके तंटे होत कीं, १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं जो कायदा झाला, त्यांत अशा तंट्यांसाठीं स्वतंत्र तरतूद करावी लागली.

माझीं पहिलीं वर्षें आठवलीं म्हणजे वाटतें कीं, मी लॅपटॉपवर बिड्याच वळीत होतों. मोठ्या शहरांतील एक मध्यस्थ मला कामें देई; गिऱ्हाईक कोण तें मला ठाऊक नसे. काम पुरें झालें कीं "पसंत पडलें नाहीं" असा निरोप येई, आणि ठरल्या पैशांतला तिसरा हिस्सा जाई. छाटच ती! पुढें परदेशचीं कामें मिळवून देणाऱ्या बाजारांत मी शिरलों. इलान्स ही कंपनी ओडेस्कशीं एक झाली, आणि २०१५ पासून तो बाजार अपवर्क या नांवानें चालतो. तेथें गिऱ्हाईक दिसतें खरें. पण न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां कुडव्यांत संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यांत साडेसात झालेले असतात. आमच्या घरीं दिवा लागला कीं माझी कचेरी उघडे. शिवाय त्याच कामासाठीं दहा देशांतील माणसें निम्म्या दरानें बसलेलीं. मालक नव्हता, म्हणून मी स्वतःला स्वतंत्र समजत होतों. वस्तुतः मजुरी, वेळ आणि छाट हीं तिन्ही दुसऱ्याच्या हातीं होतीं.

माझे डोळे मात्र उघडले ते माझ्याच एका चुकीनें. आमच्या भागांतील एका भातगिरणीची वेबसाइट मीं केली होती. नांव नोंदवितांना गिरणीकडून ईमेल आणि कार्ड मिळवून त्यांचें स्वतंत्र खातें काढण्याचा मला कंटाळा आला, आणि मीं तें माझ्याच खात्यांत नोंदविलें. त्यांत कपट नव्हतें. निव्वळ आळस होता. चौथ्या वर्षीं वडिलांच्या आजारपणामुळें मला दोन महिने नागपुरास राहावें लागलें. अशा नांवांच्या बाबतींत मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना आणि पुन्हा एक आठवडा आधीं सूचना पाठविणें नोंदणी करणाऱ्या कंपनीवर बंधनकारक असतें. तशा सूचना आल्या. पण त्या माझ्या एका जुन्या पत्त्यावर, जो मी उघडीतच नव्हतों. खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदतहि संपलेली होती.

नवें धान बाजारांत येण्याचे ते दिवस. गिरणीची वेबसाइट दिसेनाशी झाली आणि त्याच नांवावर चालणारें ईमेलहि बंद पडलें. बाहेरगांवचे व्यापारी मागणी पाठवीत, ती परत जाई. गिरणी बंद पडली असावी, असा त्यांनीं समज करून घेतला, आणि दोघांनीं माल दुसरीकडून उचललाहि. मला हें कळलें तेव्हां कित्येक आठवडे उलटून गेले होते.

अशा वेळीं काय होतें, तें वेबसाइट असलेल्या प्रत्येकानें जाणून असावें. डॉट-कॉम नांवाची मुदत संपल्यावर तें तत्काळ नाहींसें होत नाहीं. प्रथम कांहीं दिवस सवलतीचे असतात. हे अधिकांत अधिक ४५ असूं शकतात. मग कंपनी तें नांव यादींतून काढते. तेव्हांहि ३० दिवस तें सोडवून घेतां येतें, परंतु नेहमीच्या फीच्या कित्येक पट रक्कम मोजून. त्यानंतर आणखी ५ दिवसांनीं तें जगाला मोकळें होतें, आणि कोणीहि उचलूं शकतो. आम्ही त्या तीस दिवसांच्या आंत होतों. पदरचे पैसे भरून मीं तें नांव सोडविलें आणि गिरणीवर गेलों.

गिरणीचे वृद्ध मालक रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. त्यांनीं मला चहा दिला आणि शांतपणें म्हणाले, "काम तुझं चांगलं आहे, बाबू. पण माझ्या दुकानाची पाटी तुझ्या घरी काहून होती?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं येतांना मनांत एकच विचार घोळत होता. नोकरींत मालक असतो तो केवळ हुकूम सोडण्यासाठीं नव्हे. तो मुदती संभाळतो, करार करतो, उधारी वसूल करतो, आणि मंदीच्या महिन्यांतहि पगार देतो. स्वतंत्र धंद्यांत मालक जातो. मालकाचें काम मात्र जात नाहीं. तें तसेंच मागें उरतें आणि आपल्या दाराशीं येऊन बसतें. मीं सुताराचें काम मन लावून शिकलों होतों. हें दुसरें काम आहे याची मला दादहि नव्हती.

त्या दिवसापासून मीं कांहीं नियम घालून घेतले. पहिला किल्ल्यांचा. नांव आणि जागा हीं आरंभापासून गिऱ्हाइकाच्याच खात्यांत, त्याच्याच ईमेलवर. काम संपल्यावर मी त्याच्या हातीं मराठींत लिहिलेला एक कागद देतों: पाटी कोठें नोंदली, तिची मुदत कोणत्या तारखेस संपते, जागा कोणाची, सर्व मजकुराची दुसरी प्रत कोठें ठेवली आहे. कांहीं व्यवसायबंधु मला म्हणतात कीं, किल्ल्या दिल्या म्हणजे गिऱ्हाईक सोडून जातें. जाण्याची मोकळीक असलेलीं बहुतेक गिऱ्हाइकें माझ्याकडेच राहिलीं, एवढा माझा अनुभव आहे. आणि ती भातगिरणी त्यांत आहे.

दुसरा नियम लेखी कराराचा. कोणतें काम, किती पानें, फेरफार किती वेळां, पैसे केव्हां, हें सर्व एका पानावर. एक तृतीयांश रक्कम आरंभीं, एक तृतीयांश नमुना दाखविल्यावर, उरलेली वेबसाइट खुली करण्यापूर्वीं. छाटीचा तंटा तेथेंच मिटतो. कायदाहि आपण समजतों तितका कारागिराच्या विरुद्ध नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नोकरानें नोकरींत लिहिलेला कोड सामान्यतः मालकाचा. स्वतंत्र कारागिरानें लिहिलेला सामान्यतः त्याचा स्वतःचा, आणि तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी दिला पाहिजे. तेव्हां गिऱ्हाइकासहि कागद हवाच असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतींत, आणि कांहीं झालें तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज. जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' या नांवानें घरबसल्या होते. मीं व्याज कोणाकडूनहि घेतलेलें नाहीं. परंतु बिलाच्या तळाशीं तो नोंदणीक्रमांक छापल्यापासून स्मरणपत्रें लिहिण्याचे माझे श्रम पुष्कळ कमी झाले.

तिसरा नियम दराचा. तरुण मंडळी येथेंच फसतात. समजा, घरखर्चास महिना ४०,००० रुपये लागतात, आणि लॅपटॉपची झीज, इंटरनेट, इन्व्हर्टर, विमा यांस १०,०००, एकूण ५०,०००. पंचवीस दिवस आठ तासांप्रमाणें २०० तास होतात, म्हणून तासाला २५० रुपये पुरे, असा हिशोब मांडतात. पण गिऱ्हाईक शोधणें, फोन, हिशोब, नवें शिकणें यांत निम्मे तास जातात, आणि त्यांचे पैसे कोणी देत नाहीं. उरले १०० तास. म्हणजे दर ५०० चा हवा. जो २५० सांगतो तो स्वस्त नसतो. तो थोड्याच दिवसांत धंदा सोडणार असतो, आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या पाट्या वाऱ्यावर जाणार असतात.

चौथा नियम मला आमच्या भूमीनें शिकविला. पूर्व विदर्भांत ठिकठिकाणीं जुने तलाव आहेत. गोंड राजवटींत कोहळी लोकांनीं ते बांधले. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें गेली, तरी लोक त्यांना अजून 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. धानाला पाणी फार लागतें, आणि पाऊस कांहीं आपल्या सोईनें पडत नाहीं. रोवणीनंतर त्यानें दडी मारली तर बांधीला तारतें तें आधीं अडविलेलें पाणी. आमच्या धंद्यांत एका महिन्यांत तीन बिलें वसूल होतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेंतून कराचा वाटा प्रथम वेगळा, मग तलावाचा. सहा महिन्यांचा घरखर्च सांठेपर्यंत नवी वस्तु घरांत आणावयाची नाहीं. वडिलांच्या आजारपणांत असा तलाव असता, तर नागपुराहूनहि मीं एखादा मदतनीस नेमून कामें संभाळलीं असतीं.

आतां एक नवी शंका पुष्कळ आईबाप मला विचारतात. अलीकडे यंत्रेंच कोड लिहूं लागलीं आहेत; मग या मुलांचें पुढें काय? मी तीं यंत्रें रोज वापरतों. पूर्वीं दोन दिवस लागत तें काम आतां एखाद्या दुपारीं होतें, आणि ज्याच्यापाशीं केवळ कोड लिहिण्याचें कसब आहे त्याचा दर उतरणार, हें मला दिसतें. मला स्वतःलाहि याची काळजी वाटत नाहीं असें नाहीं. परंतु पाटीची मुदत कधीं संपते याची आठवण ठेवणारा, धान येण्याच्या दिवसांत फोन उचलणारा, आणि चूक झाली तर गिरणीवर जाऊन समोर बसणारा माणूस गिऱ्हाइकाला हवाच असतो. आणि तो जवळपास असला तर अधिक बरा. परदेशचीं कामें मी अजून करतों. पण माझें निम्म्याहून अधिक उत्पन्न आज आमच्याच भागांतील गिरण्या, दवाखाने आणि शाळा यांतून येतें.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी नोकरी न पाहतां लॅपटॉप घेऊन खोलींत बसलेली असेल, तर "कोणत्या कंपनींत?" हें विचारूं नका. त्याऐवजीं तीन गोष्टी विचारा: करार लिहून घेतलास का? कराचे पैसे वेगळे ठेवलेस का? आणि ज्यांचीं कामें केलींस, त्यांच्या किल्ल्या त्यांच्यापाशीं आहेत का? तिन्हींस होकार आला, तर निश्चिंत असा. तें मूल घरीं बसलेलें नाहीं.

ते वृद्ध गृहस्थ आतां गिरणीवर क्वचित् येतात. दरवर्षीं नांवाच्या नूतनीकरणाचा दिवस जवळ आला कीं त्यांचा मला फोन येतो. पैसे त्यांच्याच खात्यांतून, त्यांच्या नातीच्या हातून भरले जातात. माझें त्यांत कांहीं काम नसतें. ते एवढेंच म्हणतात, "पाटी लागली, बाबू. तुला सांगून ठेवतो." दिवसभरांत मला येणाऱ्या फोनांत तेवढा एक फोन मी उभा राहून घेतों.