पेढीबाहेरची पहिली पायरी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)





संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा मागील वाटचालीचे कृतज्ञतापूर्वक स्मरण होते, आणि ते व्हावयासही हवे. परंतु विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पुढील पन्नास वर्षांचा विचार होणे अधिक उचित होय. महाविद्यालयात व विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनी तेथील उद्योगस्पर्धांच्या संघात सहभागी व्हावे की नाही, हा आजचा विषय याच विचारातून निवडला आहे.

या विषयावर पालकांचे दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की व्यापार तर घराण्यातच आहे. तो स्पर्धेत जाऊन काय शिकावयाचा? दुसरा असा, की यात अभ्यासाचा वेळ जातो आणि टक्केवारी घसरते. दोन्ही आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. म्हणून त्यांचा आदराने विचार झाला पाहिजे.

स्पर्धेचे स्वरूप

विधी महाविद्यालयांत ‘अभिरूप न्यायालय’ भरते. तेथे खटला काल्पनिक असतो, पक्षकारही काल्पनिक असतात; परंतु युक्तिवाद खरा करावा लागतो आणि न्यायासनावरून येणाऱ्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावी लागतात. याच धर्तीवर अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी १९८४ साली एक स्पर्धा सुरू केली. अभिरूप न्यायालयाला इंग्रजीत ‘मूट कोर्ट’ म्हणतात, त्यावरून या स्पर्धेचे नाव ‘मूट कॉर्प’ असे ठेवण्यात आले. पुढे १९९० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १० हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा सुरू झाली. ती १९९६ मध्ये ५० हजारांची आणि २००६ मध्ये एक लाखाची झाली. मुंबईच्या आयआयटीत १९९८ साली विद्यार्थ्यांचा उद्यमिता कक्ष स्थापन झाला आणि त्याच्या ‘युरेका’ या स्पर्धेने हा प्रघात महाराष्ट्राच्या भूमीत रुजवला.

या सर्व स्पर्धांची रीत थोड्याफार फरकाने एकच आहे. चार-पाच विद्यार्थ्यांचा संघ एखादी गरज हेरतो, संभाव्य ग्राहकांना भेटतो, खर्च आणि उत्पन्नाचा अंदाज मांडतो, त्यावरून काही पानांचा आराखडा लिहितो आणि तो परीक्षकांपुढे थोडक्या वेळात सादर करतो. परीक्षकांत उद्योजक, बँक अधिकारी, गुंतवणूकदार व प्राध्यापक असतात. सादरीकरणानंतर प्रश्नोत्तरे होतात, आणि स्पर्धेचे खरे मोल या प्रश्नोत्तरांतच आहे.

गादीवरचे शिक्षण आणि त्याची मर्यादा

पेढीच्या गादीवर बसून शिकलेला मुलगा माल ओळखतो, माणूस ओळखतो, उधारी कोणाला द्यावी आणि कोणापाशी हात आखडता घ्यावा हे चेहऱ्यावरून ताडतो. रोजमेळ आणि खतावणी त्याच्या कानावरून लहानपणापासून गेलेली असते. हे शिक्षण अमोल आहे आणि कोणतेही विद्यापीठ ते देऊ शकणार नाही.

परंतु चालत्या पेढीवर ग्राहक आधीपासून असतो, बाजारात पत असते आणि अडचण आली तर सांगणारे वडीलधारे असतात. नव्या उद्योगाजवळ यांपैकी काहीच नसते. शिवाय घरात मांडलेल्या नव्या कल्पनेचे दोनच परिणाम संभवतात. वडीलधारे एका शब्दात ती मोडीत काढतात, किंवा मुलाच्या प्रेमापोटी मान्य करतात. दोन्ही गोष्टी मनापासून होतात; मात्र कल्पनेची पारख दोन्हींत होत नाही. मग तिची पहिली परीक्षा थेट बाजारात होते, आणि तीही घरच्या भांडवलावर. गाळा भाड्याने घेतला जातो, यंत्र येते, कर्ज होते, आणि दीड-दोन वर्षांनी शटर खाली येते. पैसा पुन्हा उभा करता येतो. पण त्यावरून भावाभावांत पडलेले अंतर लवकर भरून निघत नाही.

जळगावच्या जैन इरिगेशनचे संस्थापक कै. भवरलालजी जैन यांनी १९६३ साली सरकारी अधिकारपदाची संधी बाजूला सारून व्यापार पत्करला. हाताशी कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या बचतीचे सात हजार रुपये होते, आणि सुरुवात हातगाडीवर रॉकेल विकण्यापासून झाली. त्या काळी कल्पना आधी पारखून घेण्याचे दुसरे साधन तरुणाजवळ नव्हते. कसोटीला घरची पुंजीच लावावी लागे. आजच्या विद्यार्थ्याला ती सोय महाविद्यालयातच उपलब्ध आहे. तिचा लाभ न घेणे हे शहाणपणाचे ठरणार नाही.

एका डब्याचा हिशेब

ही पारख कशी होते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चार विद्यार्थ्यांच्या मनात आले की शहरातील वसतिगृहांत राहणाऱ्या जैन मुलामुलींना कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेला डबा पुरवावा. कल्पना उत्तम आहे, गरज खरी आहे, आणि घरी विचारले तर सगळेच पाठ थोपटतील.

संघात आल्यावर मात्र आकडे मांडावे लागतात. डब्याची किंमत ८० रुपये. शिधा ४२ रुपये, इंधन व मजुरी १८ रुपये, पोचवण्याचा खर्च १२ रुपये. एकूण ७२ रुपये खर्च होऊन डब्यामागे ८ रुपये उरतात. स्वयंपाकघराचे भाडे व इतर ठरीव खर्च महिन्याला २४ हजार रुपये धरला, तर केवळ तोंडमिळवणीसाठी महिन्याला ३ हजार डबे, म्हणजे २५ दिवसांच्या हिशेबाने रोज १२० डबे जावयास हवेत. वही घेऊन वसतिगृहांत फिरल्यावर मात्र तयारी दाखवणारे केवळ ७० विद्यार्थी मिळाले.

त्या फेरीत आणखी एक गोष्ट कळते. चौविहार पाळणाऱ्यांना सायंकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी हातात हवा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि वर्ग साडेपाचला सुटतात. अर्ध्या तासात शहरभर डबे पोचणार कसे? स्वयंपाकघरात बसून हा प्रश्न कोणालाही सुचला नसता.

मग संघ पुन्हा हिशेबाला बसतो. खोलीखोलीत डबा देण्याऐवजी प्रत्येक वसतिगृहात एका ठिकाणी सर्व डबे वेळेवर ठेवले, तर पोचवण्याचा खर्च १२ वरून ६ रुपयांवर येतो. डब्यामागे १४ रुपये उरतात आणि तोंडमिळवणीला रोज ६९ डबे पुरतात. ग्राहक ७० आहेत. म्हणजे महिन्याअखेर अवघे ५०० रुपये शिल्लक! एवढ्यात परीक्षक विचारतात, “या सत्तरांपैकी आगाऊ पैसे किती जणांनी भरले? परीक्षेनंतरच्या सुट्टीत भाडे कोण देणार? तुम्हा चौघांच्या श्रमाचे मोल कोठे धरले आहे?”

हे प्रश्न कठोर आहेत, पण ते गाळा घेण्यापूर्वी विचारले गेले. या शिक्षणाची फी म्हणून सहा आठवड्यांचे श्रम आणि एक वही एवढेच खर्ची पडले. हाच धडा बाजारात शिकताना लाखो रुपये गेले असते.

संघ का हवा?

काही विद्यार्थी म्हणतील, हा हिशेब एकट्यानेही करता येईल. करता येईल, परंतु उद्योग एकट्याने उभा राहत नाही. घरच्या पेढीवर काका, मामा, भाऊ असतात आणि कोण थोरला, कोण धाकटा हे जन्मानेच ठरलेले असते. स्पर्धेच्या संघात परक्या घरची, वेगळ्या भाषेची, वेगळ्या शाखेची मुले भेटतात. तेथे शब्दाला वजन येते ते केलेल्या कामामुळे. कोणी हिशेबात पक्का, कोणी बोलण्यात तरबेज, तर कोणी यंत्र जाणणारा असतो. त्यांच्याशी मतभेद होऊनही काम तडीस न्यावे लागते.

सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे याचे ठळक उदाहरण होय. घरच्या परंपरागत व्यापारात ते रमले नाहीत. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले. एकाजवळ व्यापारी दृष्टी होती, दुसऱ्याला रेल्वेच्या कामाची माहिती होती. नात्याबाहेरच्या अशा भागीदारीतून त्यांची उद्योजक म्हणून घडण सुरू झाली. पुढे ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

येथे मुलींविषयी आवर्जून सांगावयास हवे. अनेक घरांत दुकानाचा हिशेब मुली व सुना चोख सांभाळतात. परंतु निर्णयाच्या वेळी त्यांचे मत क्वचितच विचारले जाते. स्पर्धेच्या व्यासपीठावर परीक्षकांचा प्रश्न ज्याने तो भाग तयार केला त्याला येतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. ज्या मुलीने चार अनोळखी परीक्षकांपुढे आपल्या आकड्यांचे समर्थन केले, तिचे मत उद्या घरातही डावलले जाणार नाही.

हार आणि जीत

स्पर्धेत बक्षिसे थोडी आणि संघ पुष्कळ असतात. बहुतेकांच्या वाट्याला हारच येते. म्हणून हारणाऱ्यांना काय मिळते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मॅसॅच्युसेट्सच्या १९९८ च्या स्पर्धेत गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांच्या संघाने इंटरनेटवरील गर्दीची कोंडी फोडण्याची योजना मांडली होती. ती अंतिम फेरीत पोहोचली, परंतु पहिले बक्षीस दुसऱ्या संघाला मिळाले. मात्र गणिती संशोधनाला व्यवसायाचे रूप देण्याचे काम तोवर झाले होते. त्याच वर्षी ‘अकामाई’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे ती या क्षेत्रातील जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली गेली.

जिंकल्याचे उदाहरण भारतातीलच आहे. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या विद्यार्थ्यांच्या ‘नॅनोहेल्थ’ या संघाने २०१४ साली १० लाख डॉलरचे ‘हल्ट प्राइझ’ मिळवले. झोपडपट्टीतील मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांपर्यंत प्रशिक्षित आरोग्यसेविका तपासणीचे साहित्य घेऊन पोहोचेल, अशी ती योजना होती. नफा आणि सेवा एकाच हिशेबात बसू शकतात, हे या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. तथापि, जिंकलेली प्रत्येक योजना पुढे उद्योग म्हणून टिकतेच असे नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

काही पथ्ये

आता अभ्यासाच्या आक्षेपाविषयी. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पदवीचे अखेरचे वर्ष किंवा सीएची अंतिम परीक्षा समोर असताना संघात शिरू नये. दुसरे वर्ष त्यासाठी सर्वांत सोयीचे. एका वर्षी एकच स्पर्धा निवडावी. केवळ प्रमाणपत्रासाठी संघात नाव घालू नये. त्यातून शिक्षण तर होत नाहीच, उलट सहकाऱ्यांवर भार पडतो. भरमसाट प्रवेशशुल्क मागणाऱ्या स्पर्धांपासून दूर राहावे. कल्पनेवर हक्क कोणाचा राहील, हे नियमांत आधी वाचावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडे फुगवू नयेत. सत्तर ग्राहकांचे सातशे करून कदाचित चषक मिळेल, पण पहिल्याच हिशेबात खोटे लिहिण्याची सवय लागेल. शब्द आणि वजनकाटा खरा ठेवल्यामुळेच पूर्वजांच्या पेढ्यांना पत लाभली होती.

समाजाकडून अपेक्षा

या कामी समाजाने विद्यार्थ्यांना प्रथम पैसा द्यावा असे नव्हे. व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानात वही घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला अर्धा तास द्यावा आणि खरेदी, तूट, उधारी यांची खरी माहिती सांगावी. समाजातील लेखापालांनी त्यांचे अंदाजपत्रक एकदा तपासून द्यावे. स्पर्धेपूर्वी एका रविवारी सभागृहात संघाची रंगीत तालीम घ्यावी आणि ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी परीक्षक होऊन निःसंकोच प्रश्न विचारावेत. घरच्या मुलाला हे प्रश्न विचारणे जड जाते. शेजारच्या मुलाला ते मोकळेपणाने विचारता येतात.

संघात गेलेला प्रत्येक विद्यार्थी उद्योजक होणार नाही. कोणी नोकरी करील, कोणी पेढीवरच बसेल. परंतु पेढीवर बसणारा मुलगा उद्या नवी शाखा काढण्याचा विचार मांडील, तेव्हा तो हातात वही घेऊन मांडील, आणि वडिलांनाही होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्या वहीतील आकडे पाहता येतील. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक घरातील एका तरी मुलाने किंवा मुलीने आपल्या महाविद्यालयात अशा संघाची चौकशी करावी, आणि संघ नसेल तर चार मित्र जमवून प्राध्यापकांना भेटावे, एवढीच या प्रसंगी विनंती.

जय जिनेन्द्र.