जुनी जीप : दुरुस्ती, सुधारणा आणि निगा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. तण, खते आणि पाणी यांवर बोलण्याची मला सवय. पण मेळावा संपला की दोन-चार जण माझ्या जीपभोवती जमतात आणि पिकाऐवजी तिच्याविषयीच विचारतात. कोणाच्या गोठ्यामागे वडिलांच्या वेळची जीप उभी असते, कोणाला भंगारवाल्याने भाव सांगितलेला असतो, कोणी नुकतीच स्वस्तात घेतलेली असते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आमची गाडी १९७४ सालची सीजे-३बी, पेट्रोलवरची. हे मॉडेल विलीज कंपनीने अमेरिकेत १९५३ साली काढले आणि महिंद्राने ते परवान्याखाली आपल्याकडे अनेक वर्षे बनविले. बॉनेट उंच दिसते त्याचे कारण इंजिनात आहे. आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी रचना असल्याने इंजिनच उंच झाले. माझ्या आजोबांनी ही गाडी घेतली, वडिलांनी चालविली आणि २०१५ साली ती माझ्याकडे आली. तेव्हा ती तीन वर्षे झाडाखाली उभी होती.

आता माझ्या हातून काय चुकले ते आधी सांगतो. मी प्रथम रंग दिला. मग नवे टायर घेतले, इंजिन बसवून घेतले, सीटला कव्हरे शिवली. चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र जुन्याच ठेवल्या. वरून त्या चांगल्या दिसत होत्या. २०१६ साली वडिलांना घेऊन कल्याणला लग्नाला निघालो आणि माळशेज घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकदम तळाला गेले. पुढची एक नळी फुटली होती. या गाडीला चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असतो, त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. वडील एवढेच म्हणाले, “गिअर सोडू नकोस.” गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही, त्या नादात न्यूट्रल झाले असते तर पुढचे बोलायला नको. सुदैवाने या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो आणि तो तारेने ओढला जातो. तो हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या कडेला घासून थांबविली. मडगार्ड चेपला आणि वडिलांचे मनगट मोडले. ते आजही त्या हाताने पाण्याचा हंडा उचलत नाहीत. त्या नळीची किंमत खताच्या एका गोणीपेक्षा कमी होती.

म्हणून जुनी जीप उभी करताना पैसा कोठे आधी घालावा याचा क्रम माझ्यापुरता ठरलेला आहे. सर्वांत आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चासी, त्यानंतर इंजिन. रंग सर्वांत शेवटी.

ब्रेकच्या सर्व रबरी नळ्या, व्हील सिलेंडरचे रबर आणि तेल बदलावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे लोखंडी पाइप आतून गंजतात आणि उतारावर तापल्यावर तेलात वाफ धरते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवे भरावे. माझ्या मते या गाडीत करण्याजोगी सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे दुहेरी मास्टर सिलेंडर. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचा मार्ग वेगळा होतो व एक फुटला तरी दुसरा काम करतो. मात्र तो बसविताना पेडलची काडी आणि पिस्टन यांत थोडी मोकळीक राहिली पाहिजे. नाही राहिली तर तेल परत फिरत नाही, ब्रेक धरून बसतात आणि ड्रम तापतो. चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसले तर ऑइल सील गेले असे समजावे. अॅक्सलचे तेल लायनरवर आले की कितीही चांगला ब्रेक धरत नाही. असे लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नयेत.

चासी पाहण्यासाठी लहान हातोडी घ्यावी आणि पाट्यांचे हँगर जेथे जोडले आहेत तेथे ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद् वाजतो. आमच्या जीपचा मागचा भाग सर्वांत जास्त सडलेला निघाला आणि त्याचे कारण आम्हीच होतो. मागे वर्षानुवर्षे म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्या आणि बोर्डो मिश्रणाचे पिंप वाहिले जात होते. पोटॅशमधील क्लोराइड गंज झपाट्याने वाढविते. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला आहे का हे पाहण्यासाठी आपण त्यात चाकूचे पाते बुडवितो आणि तांबूस थर बसतो का ते पाहतो. जीपचा पत्रा म्हणजे तसेच एक मोठे पाते. तेव्हा खत वाहताना खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि त्याच दिवशी गाडी खालून-वरून स्वच्छ पाण्याने धुवावी.

पाण्याचीही एक गोष्ट. ज्या बोअरच्या पाण्याने ठिबकची छिद्रे बंद होतात, तेच पाणी आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो! तेथेही तसाच क्षार बसतो आणि उन्हाळ्यात इंजिन तापते. मग दोष थर्मोस्टॅटला दिला जातो आणि तो काढून फेकला जातो. रेडिएटर साफ करून त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

पेट्रोल इंजिन असेल तर आणखी एक काळजी. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आपलाच, पण त्याचे इथेनॉल जुन्या गाडीच्या पेट्रोल पंपातील डायफ्रॅम आणि रबरी नळ्या मऊ करते, शिवाय ते पाणी धरते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

डिझेल इंजिन बसवू का, हा हमखास प्रश्न. इंधन वाचते हे खरे. पण वजनदार इंजिनाने पुढच्या पाट्यांवर आणि स्टिअरिंगवर भार वाढतो, आणि ब्रेक तेच राहतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाच्या मान्यतेशिवाय इंजिन बदलता येत नाही. आरसी बुकात नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. जीप विकत घेताना चासी आणि इंजिनावरील नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्याची फी व पर्यावरण कर किती, हे व्यवहारापूर्वीच विचारावे. पुस्तक मेलेले असेल तर जीप फुकट मिळाली तरी महागच पडते.

आता चारही चाकांच्या जोराविषयी. गिअरच्या दांड्याजवळ दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढचा अॅक्सल जोडते, दुसरी लो गिअर टाकते. लो टाकल्यावर जोर सुमारे अडीच पट होतो, आणि म्हणूनच पुढचा अॅक्सल जोडल्याशिवाय लो पडू नये अशी सोय आत केलेली असते. ती नसती तर सारा जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर आला असता. काही मिस्त्री ती आतली गोळी काढून टाकतात, तसे करू देऊ नये. डांबरी रस्त्यावर पुढचा अॅक्सल जोडून फिरू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही, मग शाफ्टला पीळ बसतो आणि क्रॉस तुटतो. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत.

आणि येथे मला माझ्या विषयाकडे यावेच लागते. चारही चाके ओढतात म्हणून ओल्या काळ्या रानात जीप घालण्याचा मोह होतो. गाडी निघूनही जाते. पण चाकाखालची माती दाबली जाते, घसरत्या चाकाने तिला चकचकीत लेप बसतो आणि त्या पट्ट्यात पुढे पाणी साचते, मुळ्या आडव्या जातात. आमच्या हरभऱ्यात दोन वर्षे चाकोरी ओळखू येत होती. वाफसा येईपर्यंत गाडी बांधावरच ठेवावी. फारच गरज असेल तर हवा थोडी कमी करून लो गिअरमध्ये, न थांबता जावे आणि रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी.

ओढ्यातून गाडी काढल्यावर अॅक्सलचे तेल पाहावे. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी वर श्वासाचे छिद्र असते, पण ते बहुधा चिखलाने बुजलेले आढळते. तेल दुधासारखे दिसले तर लगेच बदलावे. क्रॉस, शॅकल आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना दर दीड हजार किलोमीटरला, तसेच पाण्यातून आल्यावर, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. गाडी उभी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावी आणि धान्याच्या खोलीशेजारी उभी करू नये. उंदरांनी आमच्या दिव्यांची वायरिंग दोनदा कुरतडली आहे.

आमच्या जीपच्या मागच्या उजव्या चाकाला सध्या तेलाचा बारीक ओघळ दिसतो आहे. नवे सील आणले आहे, येत्या रविवारी ड्रम उघडणार आहे. कोणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर सकाळी आठ वाजता यावे. वडील बाजूला खुर्ची टाकून बसलेले असतील आणि माझ्या चुका तेच जास्त चांगल्या दाखवतील.