पूर्वजांचा अभिमान आणि पूर्वजांचा पक्ष

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त देवस्थानच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आज मला आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसापाशी विद्वत्ता नसते, जुने कागद नीट वाचण्याची सवय तेवढी असते. त्या सवयीच्या बळावरच मी आजचा विषय घेतला आहे. यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजांचा अभिमान वंशजांनी कोणत्या रीतीने बाळगावा, हा तो विषय होय; आणि उदाहरण आहे अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाचे.

इतक्या दूरचे उदाहरण कशासाठी, असे आपण विचाराल. एक तर ते युद्ध आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. त्याच्यामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि युद्ध संपताच १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पुढे १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. दुसरे असे की, पूर्वजांच्या अभिमानाची इतकी पद्धतशीर व्यवस्था क्वचितच कोठे झाली असेल. आपण महाजन मंडळी वंशपरंपरेने महाजन आहोत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

‘यादवी’ हा शब्दच आपल्याला प्रभासक्षेत्री एकमेकांच्या हातून नाश पावलेल्या यादवांची आठवण देतो. लिसेवमध्ये पोर्तुगालच्या इतिहासात डों पेद्रू आणि डों मिगेल या सख्ख्या भावांचे युद्ध शिकवीत, तेही याच जातीचे. अमेरिकेत अकरा दक्षिणी राज्ये संघराज्यातून फुटली आणि चार वर्षे रणकंदन चालले. मृतांचा आकडा दीर्घकाळ सहा लाख वीस हजार मानला जाई; अलीकडच्या संशोधकांनी तो सात लाखांच्या घरात किंवा त्याहूनही पुढे नेला आहे. एवढी माणसे गेल्यावर घरोघर एखादे नाव, एखादी तलवार, एखादे पत्र उरणे स्वाभाविकच होते.

या आठवणींना संस्थांचे रूप आले. उत्तरेकडील सैनिकांनी १८६६ साली ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ स्थापिली, तर १८८१ साली त्यांच्या पुत्रांची संघटना निघाली. दक्षिणेत १८९४ साली कन्यांची ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ आणि १८९६ साली पुत्रांची संघटना उदयास आली. अशा संस्थेत प्रवेश हवा असेल तर आपला अमुक पूर्वज सैन्यात होता आणि आपण त्याचे वंशज आहोत, हे कागदांनिशी सिद्ध करावे लागते. वांगडाचा पुरावा दिल्यावाचून महाजनांच्या नामावलीत नाव चढत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत चटकन उमगेल.

इथवर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. पितरांचे स्मरण करणे हा पुत्रधर्मच आहे. पेच पुढे उभा राहतो. पूर्वज शूर होता, हे खरे. पण तो कोणत्या पक्षाकडून आणि कशासाठी लढला?

याचे उत्तर त्या काळच्या कागदांतच आहे. मिसिसिपी राज्याने १८६१ च्या जानेवारीत फुटून निघण्याची कारणे जाहीर केली, तेव्हा आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे प्रारंभीच सांगितले. दक्षिणेच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सव्हाना शहरी भाषण केले; काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याचा पाया, असा त्याचा आशय होता. त्यावेळी त्या देशात जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती.

पराभवानंतर मात्र सूर पालटला. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, गुलामगिरीचा त्याच्याशी संबंध बेताचाच, असे सांगितले जाऊ लागले. कन्यांच्या संघटनेने पुतळे उभारले, शाळांच्या पुस्तकांवरही नजर ठेवली. १९२० च्या सुमारास संघटनेच्या माजी इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी पाठ्यपुस्तके पारखण्याची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे म्हणणारे पुस्तक नाकारावे, असा तिचा दंडक होता. बापावरील प्रेमापोटी लेकींनी इतिहासाचे पान बदलले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले तेच पान शिकली. १९१३ साली गेटिसबर्ग येथे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक एकत्र आले. दोन्ही पक्षांच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात हाती घेतले. ते दृश्य कोणाचेही मन हेलावणारे खरे. परंतु ज्यांच्या दास्यावरून ते युद्ध पेटले, त्यांची आठवण त्या समारंभात जवळजवळ झालीच नाही.

त्यांचेही पूर्वज लढले होते. सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात होते. स्वतः दास्यातून पळून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन पुत्र मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीत होते. सलोख्याच्या भरात लोक विसरू लागले, तेव्हा या युद्धात एक बाजू न्यायाची आणि एक अन्यायाची होती, असे डग्लस यांनी १८७८ साली न्यूयॉर्क येथील भाषणात स्पष्ट बजावले. वॉशिंग्टन शहरी १९९८ साली या सैनिकांचे स्मारक झाले; त्याच्या भिंतीवर दोन लाख नऊ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत.

कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथे एक गोष्ट फार बोचते. १८५० आणि १८६० सालच्या तेथील जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई. वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहीत, नाव सहसा लिहीत नसत. त्यामुळे आजच्या कित्येक काळ्या कुटुंबांना आपल्या पूर्वजाचे नाव प्रथम सापडते ते सैन्याच्या हजेरीपटात, नाहीतर त्याच्या विधवेने निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जात. आपल्याला वंशावळ तोंडपाठ असते. या लोकांच्या वंशावळीची सुरुवातच सैन्यदप्तराच्या एका ओळीपासून होते. तो अभिमान किती खोल असेल, याची आपण कल्पना करावी.

उत्तरेच्या वंशजांनीही फार फुशारकी मारू नये. गुलामगिरी असलेली चार राज्ये फुटून न निघता उत्तरेच्याच पक्षात राहिली होती; आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध १८६३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क शहरात जे दंगे झाले, त्यांत निरपराध काळ्या लोकांचे बळी गेले. शिवाय माणसे सदैव एकाच पक्षात राहतात असेही नाही. त्या युद्धाचे शेवटचे निवृत्तिवेतन घेणारी वृद्धा २०२० साली निवर्तली. उत्तर कॅरोलिनातील तिचा पिता प्रथम दक्षिणेच्या सैन्यात होता, तेथून पळून तो उत्तरेच्या सैन्यास मिळाला. आणि त्या सेवेपोटी तिला महिना त्र्याहत्तर डॉलर तेरा सेंट मिळत राहिले. अशा पित्याला शूर म्हणावे की पळपुटा? तो न्यायाच्या पक्षाला येऊन मिळाला, एवढे मात्र दप्तरात लिहिलेले आहे.

मग वंशजाने करावे तरी काय? आपल्या महाभारताने याचा मार्ग दाखविला आहे. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने दोन्ही पक्षांकडील मृतांचे अंत्यसंस्कार करविले. कुंतीने सत्य सांगताच कर्णालाही ज्येष्ठ बंधू म्हणून जलांजली दिली. शरपंजरी पडलेल्या भीष्मांच्या पायांशी बसून धर्म ऐकला. परंतु भीष्म पूज्य, म्हणून दुर्योधनाचा पक्ष न्यायाचा, असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही. तर्पण माणसाला असते, पक्षाला नसते.

दक्षिणेचे सेनापती जनरल जॅक्सन यांच्या दोन खापरपणतूंनी २०१७ साली रिचमंडच्या महापौरांना उघड पत्र लिहिले, त्यात हाच विवेक दिसतो. आपल्या पूर्वजाची आम्हांला लाज वाटत नाही, पण त्याचा पुतळा ज्या अन्यायाचे प्रतीक झाला आहे त्यासाठी तो हलवावा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. १ जुलै २०२० रोजी तो पुतळा उतरविण्यात आला. खुद्द जनरल ली यांनीही १८६९ साली गेटिसबर्गच्या स्मारकाविषयी लिहिताना युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असे मत दिले होते. वाद अर्थात मिटलेला नाही. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीतील दक्षिणी सैनिकांचे १९१४ सालचे स्मारक डिसेंबर २०२३ मध्ये हलविण्यात आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा बसविण्याचा निर्णय जाहीर झाला.

बंधु-भगिनींनो, आता थोडे आपल्याकडे वळतो. सोळाव्या शतकात आपले देव नदीपलीकडे अंत्रुज महालात आणले गेले. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांत त्या प्रसंगाच्या कथा आजही अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या रात्री होडी कोणी वल्हविली? पुढे पिढ्यान्‌पिढ्या दिवटी कोणी धरली, वाजप कोणी केले, सडासंमार्जन कोणी केले? आपल्या नामावलीत त्यांची नावे नाहीत. अमेरिकेतील दास्याशी मी याची तुलना करीत नाही. दोन्हींची जात वेगळी. पण ज्यांचे नाव वहीत नाही त्यांनाही पूर्वज होते आणि त्या पूर्वजांचीही सेवा श्रींच्या चरणी रुजू झालेली आहे, एवढे भान आपण ठेवले पाहिजे.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. पुढील स्मरणिकेत महाजन घराण्यांच्या वंशावळींसोबत देवस्थानच्या सेवेकरी कुटुंबांची माहितीही, त्यांच्याच घरच्या वृद्धांना विचारून, छापावी. जुन्या वह्या वाळवीच्या मुखी पडण्याआधी आणि ती वृद्ध माणसे आपल्यात आहेत तोवर हे काम व्हावयास हवे. त्यासाठी लागणारी लेखनिकाची सेवा मी आनंदाने करीन. आणि घराण्याच्या इतिहासात एखादे अडचणीचे पान आलेच, तर तेही जसेच्या तसे छापावे. पितरांना आपल्याकडून तिळोदकाची अपेक्षा असते; त्यांच्यासाठी आपण असत्य बोलावे, अशी अपेक्षा कोणत्याही सज्जन पूर्वजाची असणार नाही.

ही सद्बुद्धी आपणा सर्वांना लाभो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून माझे भाषण संपवितो.