गंजलेलं केकचं भांडं

श्रोतेहो, शेगडीवर वाळू तापवून केक भाजायचे ते दिवस आठवतात? माझ्या आईचं त्या वेळचं लोखंडी पत्र्याचं भांडं परवा माळ्यावरून काढलं, तर आतून तांबूस झालेलं. सून म्हणाली, "आई, भंगारात देऊ या."

चूक माझीच. पावसाळ्यात ओलसरच ठेवून दिलं होतं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढणारच; त्यात आमचं घर अलिबागचं, वारं खारं.

तिला म्हटलं, थांब जरा. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं. जास्त नको हं, आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं. मग काथ्यानं घासलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, लगेच पुसून मंद आचेवर कोरडं केलं.

खरी मेख पुढेच आहे. तेलाचा हात फिरवायचा आणि तो जवळजवळ पुसूनच टाकायचा. मग हलका धूर येईस्तोवर भांडं तापवायचं. तेलाचा टणक थर बसतो. तेल जास्त झालं तर नुसता चिकटा. मी तीनदा केलं. नॉनस्टिकला मात्र यातलं काही करू नका.

रविवारी त्यात रव्याचा केक केला. नंतर सुनेनं भांडं धुतलं, पुसलं आणि न सांगता गॅसवर धरलं.